डिग्री पडली

आक्काच्या तेराव्याला पंगत उठायच्या आतच बद्रीनाथनं मला सगळ्यांदेखत इचारलं, "काकू, तुमी गाडी कावून थांबवली?"

माज्या हातात पान्याचा तांब्या व्हता. तो तसाच धरून मी उभी राहिले. शंभर मानसं बसलेली, त्यातले निम्मे पाव्हने. मी आत गेले आन विझलेल्या चुलीतली राख उगंच ओढीत बसले. त्या दिवसापासून बद्रीनाथ माज्या दारात आला न्हाई. भिंतीला भिंत हाय आमची. तो खाकरला तरी मला ऐकू येतं.

त्या दिवशी सांगायला जमलं न्हाई ते आता सांगते. एका जागी बसून सांगणं व्हत न्हाई. उठते, अंगनात जाते, रांजनावरचं झाकन काढते, पुन्हा लावते, परत येते. हे माजं नवीन हाय. पहिलं हे आक्काचं व्हतं.

आक्का म्हन्जे चतुराबाई, माजी थोरली जाऊ, बद्रीनाथची आई. सगळ्या गावाची ती आक्काच. आमचं गाव सिरसाळ्यापासून तीन कोसावर, बालाघाटाच्या डोंगराला पाठ लावून बसलेलं. मी लग्न होऊन आले तवा पंधरा वर्षाची, ती अठराची. सासू म्हनायची, ह्या थोरलीच्या पायात भिंगरी हाय. चार घास खाल्ले की उठायची. कोनाच्या घरी बाळंतपन असलं की तिथं, नसलं की इथून तिथं निस्त्या चकरा. पुढं सासूच्या हाताखाली सुईनपन शिकली. ह्या गावातली अन् वाडीवरची किती लेकरं तिच्या हातावर आली ते तिलाच मोजता आलं न्हाई.

तिची एक रीत व्हती. कोनाच्या अंगाला हात लावायचा तर उलटा लावायची. हाताची पाठ. कपाळाला पाठ, पायाला पाठ, पोटाला पाठ. नव्या सुना हसायच्या, वाटायचं आक्का शिवून घेत न्हाई. ती म्हनायची, तळहात मेलेला असतो, खुरपं धरून, शेन काढून. त्याला गरम-गार कळत न्हाई. जितं कातडं पाठीमागं असतं.

ती रीत तिला कुटून लागली ते मला माहीत व्हतं. मी कधी बोलले न्हाई, तिनं बी कधी काढलं न्हाई.

बहात्तरचा दुष्काळ. सरकारी काम निघालं व्हतं, पाझर तलावाची पाळ आन खडी. आमी दोघी जावा खडीवर. आक्काचं पोट पुढं आलेलं, नववा महिना भरत आलेला, तरी घन मारायची. सासू नको म्हनायची, पन रेशनचा मिलो, ती लाल ज्वारी, घरात आनायचा तर हात पाहिजेत. चैताचं ऊन, सावलीला एक बाभूळ, ती बी खराट्यावानी. दुपारी आक्का घन खाली ठेवून बाभळीखाली जाऊन बसली. आक्का बसली म्हून मीच दचकले. जवळ गेले, तर डोळे मिटलेले, अंग घामानं भिजलेलं. मी कपाळाला हात लावला, आन माजा जीवच गेला. गार. तसल्या उन्हात गार.

मी वरडत पळाले, "आक्का गार पडली, आक्का गार पडली."

आमच्याकडं मानूस गार पडलं म्हन्जे काय, ते सगळ्यांना माहीत हाय. मुकादमानं घन टाकायला लावले, बैलगाडी जुंपली. चार बायांनी आक्काला उचलून गाडीत टाकलं. ती काई तरी म्हनत व्हती, कोनी ऐकलं न्हाई. सिरसाळ्याच्या दवाखान्याकडं गाडी हानली. रस्ता कसला, निस्ते धोंडे. मी गाडीत तिचं डोकं मांडीवर धरून बसलेली. अर्ध्या वाटंवर, कोरड्या नदीच्या वाळूत चाक रुतलं, बैलाला मारायला लागले, गाडी हिसके द्यायला लागली, आन त्या हिसक्यात ती बाळंत झाली. पोरगी. रडली न्हाई. आक्का मरत नव्हती, तिची बाळंतपनाची घटका आलती येवढंच. मला कळलं न्हाई. पंधरा-सोळा वर्षाची मी, आन दिवसभर घन मारून मारून माजा तळहात तव्यावानी तापलेला. त्याला काईबी लावलं तरी गारच लागनार.

ते मी पुढं कितीतरी वर्षानं जुळवलं. तवा निस्तं येवढंच कळलं की मी वरडले नसते तर गाडी जुंपली नसती.

त्यानंतर आक्काला दोन लेकरं झाली, बद्रीनाथ आन त्याची बहीन. मला तिनं कधी टोचून बोललं न्हाई. भांडलो लई, जावा त्या जावाच, सरपनावरून भांडलो, म्हशीवरून भांडलो, पन ते न्हाई काढलं. फकस्त हात उलटा लावायला लागली. आन सुईन झाल्यावर तिचा एक कायदा व्हता. बाईचे पाय गार, कपाळ गार, आन पोट गरम, तर घाबरायचं न्हाई. दार लावायचं, बायांचा कलकलाट बाहेर काढायचा, तिला हलवायचं न्हाई. पोट बी गार लागलं तर मंग एक मिनिट थांबायचं न्हाई, गाडी बोलवायची. ती दवाखान्याच्या विरुद्ध नव्हती. कितीतरी जनींना तिनं सोता जीपमधी घालून नेलंय, मांडीवर डोकं घेऊन. हा कायदा ध्यानात ठेवा. शेवटाला तोच आडवा येतो.

पुढं गावात सहकारी दूध संस्था निघाली. आबासाहेब चेरमन झाले. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन यायचे, आन तिथं दुधाची डिग्री लावायला मानूस पाहिजे व्हता. काचंची नळी दुधात सोडायची, ती जिथं तरंगत थांबंल तो आकडा म्हन्जे डिग्री. दुधात पानी घातलं की नळी खाली जाती, डिग्री पडती. काम सोपं, पन करायला कोनी टिकंना, कारन पाटलाच्या तोंडावर तुज्या दुधात पानी हाय हे कोन म्हननार? आक्का म्हनली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, आकडा येत व्हता. पहिल्याच आठवड्यात चेरमनच्या मेव्हन्याची किटली माघारी दिली. तो तापला. आक्का म्हनली, "भाऊ, पानी म्हशीला पाजायचं असतं. तुमची किटली तानलेली दिसती." सगळी लाईन हसली. आबासाहेबाला हे कळलं तर त्यांनी आक्कालाच कायम केलं. तवापासून गावात एक बोली पडली. कोनाचं काई बिघडलं, पोरगा नापास झाला, सोयरीक मोडली, की लोक म्हनायचे, डिग्री पडली.

आता सोळा सालचा उन्हाळा. लागोपाठ दोन साल पीक न्हाई, बोअर आटले. संस्थेनं दूध केंद्राच्या मागच्या पडीक रानात जनावराची छावनी लावली. टँकर यायचा, हौद भरायचा. हौदात पानी म्हटल्यावर डोंगरातली वानरं खाली आली. तीस-पस्तीस असतील. हौदाशेजारी मोठा कडूलिंब, त्यावर मुक्काम. सकाळी पानी प्यायची, वैरनीतली हिरवी पानं ओढायची, पत्र्यावर नाचायची. सुरवातीला लोक हात जोडायचे, मारुतीचं रूप म्हून. महिनाभरानं दगड मारायला लागले.

त्यांच्यात एक मादी व्हती, बांडी. वर्षापूर्वी इजेच्या तारंला लटकून तिचं शेपूट जळालं, डॉक्टरांनी निम्मं कापलं, म्हून बांडी. तवा तिला धरलंच व्हतं तर दिंद्रुडची एक पोरगी, शिवकन्या, पुन्याला वानराचं शिकायची, तिनं वन खात्याची परवानगी काढून डॉक्टरांकडून बांडीच्या कातड्याखाली गव्हाच्या दान्यायेवढं यंत्र बसवलं. त्यानं बांडीच्या अंगाची गरमी कळायची. शिवकन्याजवळ टीव्हीच्या रिमोटवानी एक डबी व्हती. बांडीपासून वीस पावलावर उभं राहून डबी धरली की आकडा यायचा.

शिवकन्या स्कूटीवर यायची, दिवसदिवस लिंबाखाली बसायची. आक्का आधी तिची टिंगल करायची, म्हनायची, हिचं लग्नाचं वय हाय आन ही वानराच्या बाळंतपनाची वाट बगत बसलीय. शिवकन्या हसायची, आक्का, तुमी तरी जन्मभर दुसरं काय केलं? ते आक्काला पटलं. त्यानंतर तिला भाकर न्यायला लागली.

परीक्षेला जायचं आलं तवा शिवकन्यानं ती डबी आक्काकडं दिली. म्हनली, सकाळ-संध्याकाळ डिग्री बगायची आन मला फोनवर सांगायची.

आक्का म्हनली, "दुधाची?"

"अंगाची, आक्का."

आक्कानं इचार केला. म्हनली, "दुधात पानी वाढलं की डिग्री पडती. हिच्या बी पोटात पानी हाय. हिची बी पडंल."

शिवकन्या हसली, मंग हसायची थांबली. तिनं सांगितलं की असंच हाय. कारन पान्याचं न्हाई, पन पडती खरी. गाभन असली की उन्हाळ्यात बी अंग जास्त तापत न्हाई, आन घटका जवळ आली की आनखी खाली येतं. गाई-म्हशीचं हे लोकांना माहीत हाय, पन रानातल्या वानराचं लई कमी जनांनी बगितलंय, आन आपल्याकडच्या ह्या वानराचं तर तिला कुटं वाचायलाच मिळालं न्हाई, म्हून तर ती उन्हात बसलीय. तिनं आनखी एक सांगितलं. वानरं जास्त करून अंधारात न्हाई तर पहाटं बाळंत व्हत्यात, कारन तवा टोळी बसलेली असती. दिवसा टोळी चालती. चालत्या टोळीत एखादी बाळंत व्हायला बसली तर ती मागं राहती, आन मागं राहिलेली वाचत न्हाई. म्हून अंगच थांबवून धरतं म्हनं, टोळी थांबंपर्यंत.

आक्का हे ऐकून उठली. केंद्रापासून रस्त्यापर्यंत गेली, परत आली, परत गेली. तीन चकरा झाल्या. शिवकन्याला वाटलं तिला काई काम आठवलं. मला माहीत व्हतं ती कुटं गेलती. ती नदीच्या वाळूत गेलती.

मंग आमच्या दोघींचं ते काम झालं. मी तिसरीपर्यंत शिकलेली, म्हून मी आकडा लिवायचे, ती डबी धरायची. बांडी आमाला वळखायला लागली. दुसऱ्या वानराची डिग्री आमाला कळत नव्हती, पन बांडीची सकाळी साडेसदतीस, दुपारच्या उन्हात बी अडतीसच्या वर जायची न्हाई. सगळा गाव भाजत व्हता, आन ही एकटी आतून निवांत.

निवांत ती एकटीच. बाकी कुनाला चैन नव्हती. एक दिवस हुप्प्यानं, म्हन्जे टोळीतल्या मोठ्या नरानं, वत्सलाबाईच्या हातातली भाकर ओढली. म्हातारी पडली, मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी संस्थेची बैठक. वानरं धरनारी मानसं बोलवायची, जाळं लावायचं, पिंजऱ्यात घालून लांब जंगलात सोडायचं, असं ठरलं. गुरुवारी सकाळी ते त्यांची गाडी घेऊन येनार.

आक्का बैठकीत उभी राहिली. तिनं आठ दिवस मागितले. बांडी दिवस भरलेली हाय, जाळं टाकलं की टोळी पळंल, ही पोटातलं घेऊन पळंल, म्हनली. मागून कोनी तरी म्हनलं, आक्का, डोहाळजेवनच घाला तिचं, आमी ताटं घेऊन येतो. लई हसले. आबासाहेब हसले न्हाईत, पन त्यांनी बी न्हाईच सांगितलं. म्हनले, आक्का, मानसाला पानी न्हाई, वत्सलाबाई हात गळ्यात बांधून बसलीय, मी कोनाकोनाचं बगू?

आक्का घरी आली ती जेवली न्हाई. ओसरी, अंगन, ओसरी. मी म्हनले, बसा जरा. म्हनली, तू बस.

बुधवारी संध्याकाळी आमी हौदावर गेलो. टोळी लिंबावर चढत व्हती. बांडी खालच्या फांदीवर, पाठ टेकून. आक्कानं डबी धरली. छत्तीस पूर्नांक सहा. मी लिवलं आन परत बगा म्हनले. परत तेच. आक्का दोन पावलं पुढं गेली, बांडी हलली न्हाई. तिसऱ्यांदा छत्तीस पाच. आक्काचा डावा हात आपोआप वर झाला, उलटा, जशी बाईच्या कपाळाला लावायची तसा. मंग खाली घेतला. म्हनली, "पडली गं, केशर. सकाळपर्यंत बाळंत व्हती ही."

आन सकाळीच जाळंवाले येनार.

तेवढ्यात बंकट भेटला, दुधाच्या गाडीचा डायवर. कॅन घेऊन निघालता. आक्कानं त्याची गाडी हातानं थोपवली. म्हनली, बंकट, आबासाहेबाला फोन कर. सांग, डिग्री पडली, सकाळी गाडी आत घेऊ नका. येवढंच. बंकट हो म्हनला आन गेला.

आता बंकट दुधाचा मानूस. त्येला डिग्री म्हन्जे दुधाची, आन गाडी म्हन्जे त्येची. त्येनं चेरमनला फोन लावून सांगितलं की आक्का म्हनत्यात सगळ्या गावाच्या दुधाची डिग्री पडली, गाडी आत घेऊ नका. आबासाहेबाची काय झोप लागती? दुष्काळात लोकांनी पानी मिसळायला सुरवात केली, वरच्या दूध संघानं दूध नाकारलं, की संस्थेला कुलूप. ती संस्था म्हन्जे त्या मानसाची वीस वर्षं.

पहाटं आमी दोघी हौदावर पोचलो तर फाटकात बंकटनं गाडी आडवी लावलेली, आतून कुनाला येता येईना, बाहेरून जाता येईना. त्याच्या मागं जाळंवाल्यांची पिकअप उभी, पिंजऱ्यांनी भरलेली. ते हॉर्न वाजवायला लागले. आक्का पळत गेली आन त्यांच्या खिडकीवर हात मारून हॉर्न बंद केला. तेवढ्यात आबासाहेब आले, पायात चप्पल न्हाई, सदऱ्याची बटनं इकडची तिकडं.

"कोनाच्या दुधाची डिग्री पडली, आक्का?"

"दुधाची न्हाई. बांडीची."

आबासाहेबांनी आधी आक्काकडं बगितलं, मंग बंकटकडं. बंकट म्हनला, मला काय माहीत बे, आपलं, मला काय माहीत साहेब, आक्का डिग्री म्हनल्या. जाळंवाल्यातला एक जन हसून खाली बसला. आबासाहेब हसले न्हाईत. तोंड लाल झालं. मला वाटलं आता आक्काचं केंद्रातलं काम गेलं.

आक्का त्यांच्यापुढं गेली. आवाज चढवला न्हाई. म्हनली, "आबासाहेब, तुमची लेक शेवंता झाली तवा तुमच्या मायनं गाडी जुंपायला लावलती. मी दारात आडवी झालते. ध्यानात हाय का?"

त्यांनी लिंबाकडं बगितलं.

"दिस उगवंपर्यंत बसा. मंग मला काढून टाका."

त्यांनी जाळंवाल्यांना हातानं थांबा म्हनून सांगितलं, आन केंद्राच्या पायरीवर बसले. अनवानीच. बंकटनं इंजिन बंद केलं. येवढी मानसं, येवढ्या गाड्या, आन छावनीतली जनावरं रवंथ करत व्हती, त्याचा आवाज यायचा. आक्का मात्र एका जागी उभी व्हती. लग्न होऊन आल्यापासून मी तिला इतका येळ एका जागी उभी बगितली नव्हती.

उजाडत व्हतं. टोळी अजून बसलेलीच. बांडी त्याच फांदीवर. दोनदा वाकली, एकदा उठून फांदी धरली, परत बसली. आवाज न्हाई काई न्हाई. मंग तिचे दोन्ही हात खाली गेले आन तिनं सोताच ओढून घेतलं. काळं, वल्लं, मुठीयेवढं. तोंड तेवढं पांढुरकं. ती चाटायला लागली. आक्का पुटपुटत व्हती, रड, रड. ते चिरकलं. बारीक, दारच्या बिजागरीवानी, पन ऐकू आलं सगळ्यांना.

घडीभरातच दुसऱ्या दोन माद्या आल्या आन लेकरू मागायला लागल्या. बांडीनं पहिल्यांदा दिलं न्हाई, मंग दिलं. ह्या हातातून त्या हातात. जाळंवाला म्हनला, आपल्या बायावानीच की. आक्का म्हनली, बायाच हाईत त्या.

आबासाहेब उठले, जाळंवाल्यांना चहा पाजायला सांगितलं आन पंधरा दिवसानं या म्हनले. जाता जाता बंकटला म्हनले, गाडी काढ आता, दूध नासंल. आक्काचं काम बी काढलं न्हाई. पंधरा दिवसानं ती मानसं आली, निम्मी टोळी धरून नेली. बांडी त्यात सापडली न्हाई. आकडे ऐकून शिवकन्या फोनवरच रडली म्हनं. मंग म्हनली, एका बांडीवरून काई सिद्ध व्हत न्हाई, आनखी लई बगावं लागंल. आक्का म्हनली, बग की, तुला कोन नको म्हनलंय.

त्या सकाळी घरी येताना मी आक्काला इचारलं, तुमी बंकटला मुद्दाम तसं सांगितलं का चुकून? ती हसली निस्ती. आजपर्यंत मला कळलं न्हाई. मंग वाटंत, मारुतीच्या पाराजवळ, ती थांबली. माजा हात धरला, तळहात वर केला, त्यावरून बोट फिरवलं.

"तू खोटं वरडली नव्हतीस, केशर," म्हनली. "मी गार पडलेच व्हते. तुजा हात तापलेला व्हता, येवढंच. मी गाडीत सांगत व्हते, हलवू नका. कोनी तरी थांबवायला पाहिजे व्हतं."

मी म्हनले, मी थांबवायला पाहिजे व्हतं. ती म्हनली, "तू पोर व्हतीस." आन चालायला लागली. चव्वेचाळीस वर्षानं, रस्त्यात, येवढंच. पुन्हा तो विषय न्हाई.

आता शेवटचं. गेल्या महिन्यात दवाखान्यातून आक्काला घरी आनलं. डॉक्टरांनी बद्रीनाथला बाजूला घेऊन सांगितलं व्हतं, आता घरीच सांभाळा. त्येला ते पटलं न्हाई. लेकाला कसं पटनार? आठ दिवस ती खाटंवर, पन पाय हलतच. पांघरूनाखाली पाय चालायचे तिचे.

नवव्या दिवशी पहाटं पाय थांबले. मी जवळच व्हते. पायाला हात लावला, उलटा. गार. कपाळ गार. मंग पोटाला लावला. पोट बी गार.

तिचा कायदा मी वर सांगितलाय. पोट बी गार असंल तर थांबायचं न्हाई. तळहात न्हाई, पाठ लावलती मी, चूक व्हनार न्हाई. बद्रीनाथनं माजं तोंड बगितलं आन जीप काढली. दारात लावली, इंजिन चालू, मागची शीट आडवी केली, दोन पोरं उचलायला आत आली. तवा आक्कानं डोळे उघडले. तिचा हात वर आला आन हाताची पाठ माज्या गालाला लावली. उलटा हात. लई हलका.

"डिग्री पडली का गं?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हनले, "पडली, आक्का."

"मंग हलवू नको."

मी उठले आन दारात उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून. पोरं म्हनली, काकू, सरका. मी सरकले न्हाई. बद्रीनाथ वरडला, मला ढकलायला आला, त्येचा हात माज्या खांद्याला लागला बी, आन तो थांबला. बाहेर इंजिन चालूच व्हतं. म्हनले, ते बंद कर आधी. त्येनं बंद केलं. दिस उगवायच्या आत ती गेली. सगळे बसलेले व्हते, कोनी चालत नव्हतं.

तिचा कायदा म्हनतो गाडी न्यायला पाहिजे व्हती. ती म्हनली हलवू नको. मी तिचं ऐकलं. तो कायदा बाळंतपनाचा व्हता, हे माजं मी नंतर लावलेलं हाय, तवा दारात उभी राहताना माज्या डोक्यात काईच नव्हतं, निस्तं नदीच्या वाळूतलं चाक दिसत व्हतं. नेलं असतं तर आनखी दोन दिवस मिळाले असते का, मला माहीत न्हाई. रोज उठते, अंगनात जाते, परत येते, आन माहीत न्हाई.

बद्री, तू इचारलंस गाडी कावून थांबवली. हे असं हाय. तुला चूक वाटत असंल तर चूक म्हन. पन भिंतीपलीकडून खाकरू नको. दार उघडं हाय, येऊन म्हन.